‘क्लॅरिफाइंग’ शाम्पू : गरज किती, सवय किती?

सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. ‘क्लॅरिफाइंग शाम्पू आठवड्यातून किती वेळा वापरायचा?’ विचारणाऱ्यांत महाविद्यालयातल्या मुली असतात, हेल्मेट घालून दिवसभर फिरणारे तरुण असतात, आणि मुलीने ऑनलाइन मागवलेली बाटली पिशवीत घालून आलेल्या आयाही असतात. नेहमीच्या शाम्पूने केसांवर साचलेला थर निघत नाही, तो काढायला हा ‘खोल स्वच्छता’ करणारा शाम्पू हवाच, असे त्यांना कुठून तरी कळलेले असते. म्हणजे वापरायचा हे आधीच ठरलेले असते, डॉक्टरांनी फक्त वार सांगायचे उरलेले असतात.

उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. ज्यांना या शाम्पूचा खरोखर उपयोग आहे, त्यांतल्या बहुतेकांना तो महिन्यातून एकदा पुरतो. पुष्कळांना त्याची कधीच गरज पडत नाही. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त तर तो जवळपास कोणालाच लागत नाही. आणि केस गळतात म्हणून बाटली आणली असेल, तर ‘किती वेळा’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारायला उशीर झाला की त्याची किंमत केसांपुरती राहत नाही.

नाव एक, बाटल्या अनेक

कोणत्याही शाम्पूत मळ काढण्याचे काम करणारे रेणू असतात. त्यांचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. तेलाचे कण या रेणूंच्या गोळ्यात अडकतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. एवढेच काम करायचे असते तर शाम्पू फार स्वस्तात झाला असता. पण नुसता मळ काढला की केस राठ होतात, गुंता होतो, कंगवा अडकतो. म्हणून नेहमीच्या शाम्पूत केसांवर पातळ लेप ठेवणारे घटकही घालतात. केसाच्या पृष्ठभागावर, विशेषतः जिथे तो झिजलेला असतो तिथे, ऋण विद्युतभार असतो. हे घटक धन भाराचे असल्यामुळे त्या जागी जाऊन चिकटतात. त्यांच्या सोबत सिलिकॉनही बसते. धुतल्यावर केस मऊ लागतात ते यामुळे. म्हणजे केसांवर काहीतरी ‘साचते’ ही तक्रार खोटी नाही. ते तिथे राहावे म्हणूनच घातलेले असते.

क्लॅरिफाइंग शाम्पूत मळ काढणारे घटक जोमदार असतात आणि लेप ठेवणारे कमी किंवा मुळीच नसतात. काहींत क्षार पकडून ठेवणारे ईडीटीएसारखे रसायन थोडे जास्त असते. पण ‘क्लॅरिफाइंग’ या शब्दाची कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. कोणतीही कंपनी तो कोणत्याही बाटलीवर छापू शकते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन बाटल्यांत एक अतिशय कडक आणि दुसरी नेहमीच्या शाम्पूइतकीच सौम्य निघू शकते. मागच्या बारीक अक्षरांत डायमेथिकोन किंवा पॉलिक्वाटर्नियम दिसले, तर तो शाम्पूही लेप ठेवणाराच आहे असे समजावे. तसे असेल तर समोरच्या मोठ्या अक्षरांसाठी मोजलेले जादा पैसे वाया गेले.

आता ज्याच्यावर हे प्रयोग चालतात त्या केसाकडे पाहू. टाळूबाहेर आलेला केस हा जिवंत नसतो. त्याला रक्तपुरवठा नाही, नसा नाहीत, झालेली इजा तो स्वतः भरून काढू शकत नाही. त्याच्या बाहेरच्या बाजूला घराच्या छपरावर कौले बसवावीत तसे एकावर एक खवले असतात आणि त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ थर असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. याचा अर्थ साठ सेंटिमीटर लांब वेणीचे टोक पाच वर्षांचे जुने असते. पाच वर्षांत ते टोक शेकडो वेळा धुतले, पुसले, विंचरले, उन्हात वाळवलेले असते. टाळूजवळचा केस आणि हे टोक या दोघांना सारख्याच कडकपणे धुणे म्हणजे नवी सतरंजी आणि आजीची जुनी पैठणी एकाच बादलीत घालण्यासारखे आहे. ब्लीच, रंग आणि स्ट्रेटनिंगने वरचा स्निग्ध थर आधीच उडालेला असतो. अशा केसांत पाणी पटकन शिरते, ते फुगतात आणि कडक शाम्पूने आणखी झिजतात. केलेला रंगही लवकर उतरतो.

केसांवर नेमके काय साचते?

किती वेळा, हे दिनदर्शिका पाहून ठरवता येत नाही. केसांवर काय बसले आहे, यावर ते ठरते. बसणाऱ्या गोष्टी ढोबळमानाने तीन : तेल, सिलिकॉनसारखे लेप आणि पाण्यातले क्षार. तिघांची तऱ्हा वेगळी.

तेलाचे सर्वांत सोपे. महाराष्ट्रात केसांना खोबरेल लावण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला काही आधारही आहे. मुंबईतल्या एका केशतेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसांतून निघून जाणारी प्रथिने कमी झाली होती. खनिज तेल आणि सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. अभ्यास तेल विकणाऱ्यांचा असल्याने तो जरा राखून वाचावा, पण खोबरेलाचे रेणू केसात आत शिरतात हे त्यांचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. मात्र त्यासाठी तेल चमचा-दोन चमचे पुरते. वाटीभर ओतायचे, ते निघत नाही म्हणून कडक शाम्पू आणायचा, त्याने केस रखरखीत झाले म्हणून पुन्हा वाटीभर तेल ओतायचे, या चक्रात फायदा फक्त दुकानदाराचा होतो. तेल कमी लावावे आणि साधाच शाम्पू थोडा थोडा घेऊन दोनदा लावावा. पहिल्या वेळी फेस येणार नाही, दुसऱ्या वेळी येईल. तेवढ्याने तेल निघते.

दुसरा प्रकार सिलिकॉनचा. सिरम, धुवायची गरज नसलेले कंडिशनर, केस बसवण्याचे जेल आणि स्प्रे यांतून हे लेप येतात. सल्फेट असलेल्या साध्या शाम्पूने यांतले बरेचसे निघून जाते. अडचण होते ती रोज सिरम लावणाऱ्या आणि त्याच वेळी ‘सल्फेट-फ्री’ शाम्पूच वापरणाऱ्या मंडळींची. सौम्य शाम्पूला हा लेप पुरेसा निघत नाही. केस जड, निस्तेज, मेणचट लागतात, धुऊनही धुतल्यासारखे वाटत नाहीत. इथे क्लॅरिफाइंग शाम्पूचा उपयोग खरा आहे आणि तो पहिल्याच वापरात कळतो. गंमत अशी की, हीच मंडळी सल्फेटला घाबरून सौम्य शाम्पूकडे वळलेली असतात, आणि क्लॅरिफाइंग शाम्पूत बहुधा तेच सल्फेट किंवा त्याच्याइतकाच कडक भाऊबंद असतो. सल्फेटने कर्करोग होतो ही अफवा होती. त्याने कोरड्या त्वचेला खाज आणि जळजळ होऊ शकते, हे खरे आहे.

तिसरा प्रकार क्षारांचा. आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ याच्यावर होतो. तलावाचे किंवा धरणाचे पाणी वापरणाऱ्याला एरवी हा त्रास जाणवत नाही. पण त्याच शहराच्या कडेला नव्या वसाहतींत बोअरवेल आणि टँकरचे पाणी आले की गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला पांढरा थर दिसू लागतो. हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. बोलीभाषेत याला जड पाणी म्हणतात, शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन’, म्हणजे ज्याला फेस धड येत नाही असे. भारतीय मानक संस्थेच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. उन्हाळ्यात भूजल खोल गेले की अनेक बोअर या आकड्यांच्या वरच्या टोकाला जातात.

या पाण्याने केस राठ लागतात, यात शंका नाही. ते त्याने तुटतात का, यावर छोट्या अभ्यासांची उत्तरे वेगवेगळी आहेत. दक्षिण भारतातल्या २०१३ च्या एका अभ्यासात जड पाण्यात भिजवलेल्या आणि शुद्ध पाण्यात भिजवलेल्या केसांच्या ताकदीत लक्षणीय फरक आढळला नाही. पाकिस्तानातल्या पुरुषांच्या केसांवर झालेल्या नंतरच्या एका अभ्यासात ताकद कमी झालेली दिसली. पण एक गोष्ट दोन्हीकडे लक्षात ठेवावी. हे सगळे केसाच्या दांड्याबद्दल आहे. जड पाण्याने मुळापासून केस गळतात, असे यांतल्या कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही.

जड पाण्यात सर्वांत वाईट म्हणजे अंगाच्या साबणाने केस धुणे. साबण क्षारांशी जोडला जाऊन न विरघळणारा चिकट थर तयार होतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच केसांवरही बसतो. शिवाय साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात, तर टाळूचा साडेपाचच्या आसपास असतो. खेड्यापाड्यांत आणि वसतिगृहांत आजही एकच वडी अंगाला आणि डोक्याला चालते. त्यांच्यासाठी महागड्या बाटलीपेक्षा साधी शाम्पूची पुडी हाच मोठा बदल ठरतो. शाम्पू जड पाण्यात असा थर करत नाही.

ज्यांच्या केसांवर क्षारांचाच थर आहे, त्यांनी बाटलीवर ईडीटीए किंवा सायट्रिक ॲसिड दिसते का ते पाहावे. नुसता कडक शाम्पू तेल काढेल, क्षार तितकेसे काढणार नाही. त्याहून स्वस्त उपाय घरातच आहे. शेवटचा तांब्या गाळणी यंत्राच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्याचा घ्यावा. किंवा लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा साधे व्हिनेगर मिसळून ते केसांवरून ओतावे आणि मग पुन्हा पाणी घ्यावे. डोळे मिटलेले असावेत. टाळूवर जखम किंवा पुरळ असेल तर हे करू नये. व्हिनेगरऐवजी लिंबू वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. लिंबाचा रस कपाळावर, मानेवर राहिला आणि वर ऊन लागले, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात.

कोंडा आणि तेलकट टाळू

‘केस रोज धुतले तर टाळू आणखी तेल सोडते’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की ते खरेच वाटू लागते. टाळूतल्या तैलग्रंथी किती तेल सोडणार, हे मुख्यतः शरीरातली संप्रेरके ठरवतात. वर शाम्पू कितीदा फिरला, याचा हिशेब त्या ठेवत नाहीत. म्हणून तेलकट टाळू असलेल्याने साध्या शाम्पूने दिवसाआड, घाम फार येत असेल तर रोजही केस धुवायला हरकत नाही. आणि म्हणूनच कडक शाम्पूने ‘ग्रंथींना शिस्त’ लागत नाही. वयात येताना सुरू झालेला तेलकटपणा बाटली बदलून जात नसतो.

कोंड्याचेही तसेच. कोंड्यात टाळूवर राहणाऱ्या एका यीस्टचा आणि त्यावर त्वचेने दिलेल्या प्रतिसादाचा हात असतो. त्यावर केटोकोनॅझोलसारख्या औषधी शाम्पूचा उपयोग होतो. तो आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, फेस तीन ते पाच मिनिटे टाळूवर ठेवून मग धुवायचा असतो. क्लॅरिफाइंग शाम्पूने पापुद्रे त्या दिवसापुरते निघतात, दोन दिवसांनी पुन्हा दिसतात, आणि माणूस समजतो की धुणे कमी पडले. तो आणखी धुतो, टाळू आणखी लाल होते. टाळूवर जाड, चंदेरी खपल्या असतील, लहान मुलाच्या डोक्यात केस तुटून गोल चट्टा पडला असेल, किंवा खाजवून पाणी येत असेल, तर ते अनुक्रमे सोरायसिस, गजकर्ण आणि जंतुसंसर्गही असू शकते. तिथे शाम्पूची चर्चा थांबवून तपासून घेणेच योग्य.

‘नैसर्गिक’ म्हणून शिकेकाई-रिठ्याकडे वळणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की, रिठ्यातही मळ काढणारे रेणूच असतात. फक्त ते कारखान्यात बनलेले नसतात, फळात तयार होतात. रिठा फार वापरला तर तोही केस कोरडे करतो, आणि डोळ्यांत गेला तर काय होते हे लहानपणी अभ्यंगस्नानाला ओरडलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. शिकेकाई मानवत असेल तर खुशाल वापरावी. मात्र जी शिकेकाई वापरते तिने वरून क्लॅरिफाइंग शाम्पूही वापरण्याचे काही कारण नाही.

केस गळतात तेव्हा

आता मूळ चिंतेकडे. हा शाम्पू विकत घेणाऱ्यांतल्या पुष्कळांना केसांवरच्या थराचे काही नसते. कंगव्यात गुंतलेला पुंजका पाहून ते घाबरलेले असतात. ‘मुळाशी मळ साचल्यामुळे केस गळतात, मुळे मोकळी करा’ हे जाहिरातीतले गणित त्यांना पटते, कारण ते सोपे आहे. पण केसाचे मूळ त्वचेच्या आत काही मिलिमीटर खोल असते. वरचा मळ तिथे जाऊन केस ढकलत नाही.

आपले लक्ष पाणी आणि शाम्पूकडे किती पटकन जाते, याचे उदाहरण फार लांबचे नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. काहींना थोड्याच दिवसांत टक्कल पडले. पहिला संशय पाण्यावर, बुरशीवर आणि शाम्पूवर गेला. पाण्याचे नमुने घेतले गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथकही आले. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या पाहणीत या लोकांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण खूप वाढलेले आढळले आणि त्यांनी बोट दाखवले ते रेशनच्या गव्हाकडे. त्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हाच्या कित्येक पट होते. पंजाबच्या काही भागांतल्या जमिनीत सेलेनियम जास्त आहे, हे कृषिशास्त्रज्ञांना अनेक दशकांपासून माहीत आहे, आणि ते शरीरात जास्त गेले की केस गळतात हेही जुने ज्ञान आहे. न्हाणीघरात शोधायला निघालेले कारण ताटात सापडले, हा या घटनेतला धडा आहे.

शेगाव हा अपवादात्मक प्रसंग होता. रोजच्या गळतीची कारणे त्याहून साधी, पण तशीच ताटात आणि शरीरात असतात. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले रोज ५० ते १०० गळणे स्वाभाविक आहे. डेंगी, टायफॉइड, कोविड असा मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने घटवलेले वजन यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळतात. मधल्या काळात आजार विसरला गेलेला असतो, म्हणून दोष नव्या शाम्पूला किंवा नव्या गावच्या पाण्याला जातो. कोकणातली मुलगी पुण्याच्या वसतिगृहात येते, तीन महिन्यांत केस गळू लागतात आणि घरी फोनवर निदान होते, ‘पाणी लागलं नाही’. या तीन महिन्यांत तिने किती वेळा जेवण टाळले, तिला ताप येऊन गेला का, पाळीत रक्तस्राव किती होतो, हे कोणी विचारत नाही.

हेच विचारणे महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक. शरीरातला लोहाचा साठा हिमोग्लोबिन घटण्याच्या आधीच आटू लागतो आणि अशा स्त्रियांत केस विरळ होणे हे दाखवून देणारे एक लक्षण असू शकते. जिना चढताना दम लागणे, सतत थकवा, नखे चपटी होणे, माती किंवा खडू खावासा वाटणे ही त्याची भावंडे. थायरॉइडच्या बिघाडातही केस गळतात. सोबत वजनात फरक, पाळीची अनियमितता, बद्धकोष्ठता किंवा छातीत धडधड असते. तरुण मुलीच्या केसांबरोबर पाळी लांबत असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी लागते. भांग रुंदावत चालला असेल किंवा पुरुषाच्या कपाळाच्या कोपऱ्यांतून केस मागे हटत असतील, तर ती आनुवंशिक गळती असू शकते. तिच्यावर औषधे आहेत, पण ती मुख्यतः उरलेले केस राखतात. बाटल्या बदलण्यात गेलेली दोन वर्षे तिथे परत मिळत नाहीत.

या ठिकाणी दोष एकट्या जाहिरातींना देऊन चालणार नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ‘केस गळतात’ म्हणणाऱ्या बाईला ‘शाम्पू बदलून पाहा’ असे सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारणे डॉक्टरांनाही सोपे पडते. केसांची तक्रार ही हौसेची तक्रार समजली जाते. प्रत्यक्षात स्वतःच्या थकव्यासाठी कधीही दवाखान्यात न येणारी बाई केसांसाठी मात्र येते. ती आली आहे तेवढ्यात तिचे हिमोग्लोबिन पाहिले, पाळीची चौकशी केली, तर जे वर्षानुवर्षे अंगावर काढले गेले आहे ते त्या दिवशी सापडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात. क्लॅरिफाइंग शाम्पूची एक बाटली यापेक्षा कितीतरी महाग पडते.

एक इशारा ‘केसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या-गमीबद्दलही. बायोटिनची खरी कमतरता फार विरळा. पण त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अशा गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगावे.

मग किती वेळा?

खालील प्रमाण वापराच्या अनुभवावर बेतलेले आहे. ते प्रत्येकाने आपल्या केसांप्रमाणे थोडे मागेपुढे करावे.

तेल बेताचे लावणाऱ्या, सिरम-जेल न वापरणाऱ्या आणि नळाचे गोडे पाणी मिळणाऱ्या माणसाला क्लॅरिफाइंग शाम्पूची गरज नाही. लहान मुलांनाही नाही. रोज सिरम, जेल, ड्राय शाम्पू किंवा विरळपणा झाकणारी भुकटी वापरणाऱ्यांनी दोन ते चार आठवड्यांतून एकदा वापरावा. जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा, आणि तोही क्षार पकडणाऱ्या घटकांचा. तरणतलावात नियमित पोहणाऱ्यांनी फार तर आठवड्यातून एकदा. पाण्यात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून टोपी घातली, तर त्याचीही गरज कमी होते. कुरळे, कोरडे, रंगवलेले किंवा स्ट्रेटनिंग केलेले केस असतील तर दीड-दोन महिन्यांतून एकदा, किंवा मुळीच नाही. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी एकदा वापरायला कोणाचीच हरकत नसावी. पण त्या दिवशी खरे काम करते ते खेळायला जाण्याआधी लावलेले तेल.

वापरायचा तेव्हा केस कोमट पाण्याने नीट भिजवावेत. शाम्पू तळहातावर पाण्यात पातळ करून टाळूवर आणि केसांच्या वरच्या भागावर लावावा. टोकांना तो वेगळा चोळायची गरज नाही, फेस खाली ओघळताना टोके धुतली जातात. एक-दोन मिनिटांत धुऊन टाकावा. जास्त वेळ ठेवला म्हणजे जास्त स्वच्छता होते, असे नाही. नंतर कंडिशनर लावावा, टाळू सोडून खालच्या लांबीला. केस ओले असताना सर्वांत नाजूक असतात, म्हणून टॉवेलने झटकू नयेत आणि विंचरायला मोठ्या दातांचा कंगवा घ्यावा.

गरज आहे की नाही, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. साध्या शाम्पूने दोनदा धुवावे, त्या दिवशी सिरम लावू नये, आणि केस वाळल्यावर पाहावे. तरीही मेणचट, जड लागत असतील तर क्लॅरिफाइंग शाम्पू एकदा वापरून पाहायला हरकत नाही. हलके, मोकळे वाटले तर काम झाले, बाटली पुढच्या महिन्यापर्यंत फळीवर ठेवावी. केस कुरकुरीत, रखरखीत लागले, टाळू ओढल्यासारखी झाली, खाज सुटली, तर तो अनावश्यक होता. आणि बाथरूमच्या जाळीवर पूर्वीपेक्षा जास्त केस दिसत असतील, भांग रुंदावत असेल, किंवा एखाद्या जागी केसच उरले नसतील, तर ती बाटली बाजूला ठेवून जवळच्या आरोग्य केंद्राची वाट धरावी.

छान, स्वच्छ केसांची हौस असण्यात काही गैर नाही, आणि हौसेपोटी चार पैसे खर्च केले तर त्यासाठी डॉक्टरांची परवानगीही नको. हौस म्हणून घेतलेली बाटली हौस म्हणूनच वापरावी. ती औषध म्हणून घेतली जाऊ लागली की खरा आजार तिच्या फेसाखाली झाकला जातो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात जे कमी आहे, ते कोणत्याही बाटलीतून टाळूवर ओतता येत नाही. केस गळतात असे घरातली बाई म्हणाली, तर शाम्पू कोणता वापरतेस, हे नंतर विचारता येईल. आधी ती पोटभर जेवते का, आणि शेवटचे हिमोग्लोबिन कधी तपासले, एवढे विचारावे.